मित्र कर्जात बुडतो तेव्हा : नादारीचा अर्ज आणि त्याआधीची पावले

अंबरनाथ एमआयडीसीतील लहान कारखान्याचे अर्थकारण एका साध्या साखळीवर चालते. कच्चा माल उधारीवर येतो, कामगारांचा पगार आणि विजेचे बिल दर महिन्याला ठरल्या वेळी द्यावे लागते, आणि तयार मालाचे पैसे मात्र माल घेणारी मोठी कंपनी आपल्या सवडीने देते. मोरिवली असो, आनंदनगर असो किंवा शेजारच्या बदलापूरची माणकिवली असो, जॉबवर्कवर जगणाऱ्या लेथ-मिलिंगच्या शॉपपासून रसायनांच्या छोट्या प्लांटपर्यंत ही साखळी सारखीच आहे. तिची एक कडी निखळली की कारखानदार आधी बँकेचा हप्ता चुकवतो, मग तो भरण्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढतो, मग भिशी उचलतो आणि शेवटी सावकाराच्या दारात उभा राहतो.

अशा अवस्थेत तो मनातले बोलतो ते बहुधा मित्राजवळ. बँकेच्या अधिकाऱ्याला तो टाळत असतो आणि वकिलाकडे जाण्याचे धाडस झालेले नसते. ‘आता दिवाळे काढल्याशिवाय गत्यंतर नाही’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकण्याची वेळ मित्रावर येते. त्या क्षणी मित्र काय करतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कोणी भावनेच्या भरात पुन्हा पैसे देतो किंवा नव्या कर्जाला जामीन राहतो. कोणी ‘अर्ज करून टाक, मोकळा हो’ असा सल्ला देतो. या दोन्ही मार्गांनी मित्र वाचण्याऐवजी दोघे बुडण्याचा संभव अधिक असतो. याचे कारण समजण्यासाठी नादारीचा कायदा नेमके काय देतो, हे आधी पाहिले पाहिजे.

अंबरनाथला कोणता कायदा लागू?

बोलण्यात ज्याला दिवाळे म्हणतात त्याला कायद्यात नादारी म्हटले जाते. पैसे देणे लागणारा तो ऋणको आणि ज्याचे येणे आहे तो धनको. दिवाळखोरीविषयीचा २०१६ चा नवा कायदा देशात आल्यापासून जुने सारे कायदे संपले, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. त्या कायद्यातील कंपन्यांविषयीच्या तरतुदी लागू झाल्या. व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्याविषयीचा तिसरा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला. एकट्याच्या मालकीचा कारखाना चालवणारा, भागीदार किंवा पगारदार यांना अजून इंग्रजी अमदानीतील कायद्यांकडेच जावे लागते. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, तर इतर भागांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. म्हणजे मुंबईत राहून तेथेच व्यवसाय करणाऱ्याचा अर्ज उच्च न्यायालयात जाईल आणि अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगर येथे राहणाऱ्याचा ठाणे जिल्ह्यातील जिल्हा न्यायालयाकडे वा त्या कायद्याखाली अधिकार मिळालेल्या दुय्यम न्यायालयाकडे जाईल.

कारखाना प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल तर चित्र वेगळे असते. कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे जाते. पण कंपनी वेगळी आणि मालक वेगळा, हा दिलासा बहुधा कागदावरच राहतो, कारण कर्ज देताना बँकेने संचालकाची आणि अनेकदा त्याच्या पत्नीचीही वैयक्तिक हमी घेतलेली असते. अशा हमीदाराविरुद्धचे किंवा त्याने स्वतः केलेले प्रकरण २०१६ च्या कायद्याखाली चालू शकते. म्हणून कोणी काय म्हणून सही केली आहे, हा पहिला प्रश्न ठरतो.

तुरुंगाची भीती

कर्जबाजारी माणसाच्या मनात कर्जापेक्षा तुरुंगाचे भय मोठे असते. या भयाला इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकण्याची प्रथा त्याने बंद केली. शहरातील ऋणकोच्या बाबतीत दिवाणी तुरुंगाची तरतूद पुस्तकात राहिली. परंतु १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्पष्ट मर्यादा घातली. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणाला कोठडीत टाकता येत नाही. ऐपत असून बुडवण्याचा दुष्ट हेतू दिसला पाहिजे, असे न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचे सार आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

मात्र दोन गोष्टी याला अपवाद आहेत आणि मित्राने त्या आवर्जून विचारल्या पाहिजेत. पहिली, न वटलेले धनादेश. धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत धनको नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम न दिल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते आणि तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी, कामगारांच्या पगारातून कापून घेतलेली पण न भरलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. हा फौजदारी विश्वासघाताचा विषय ठरतो. ही दोन देणी कितीही लहान असली तरी यादीत ती वर असली पाहिजेत.

नादारीने काय सुटते, काय सुटत नाही

१९२० च्या कायद्याप्रमाणे ५०० रुपयांचे कर्ज असलेला आणि ते फेडण्यास असमर्थ असलेला ऋणको अर्ज करू शकतो. कायद्याचे वय या आकड्यावरूनच कळावे. अर्जात सर्व धनकोंची नावे, पत्ते व रकमा आणि स्वतःची सारी मालमत्ता जाहीर करावी लागते. न्यायालयाने नादार म्हणून घोषित केले की ती मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि साध्या, म्हणजे विनातारण धनकोंना न्यायालयाच्या परवानगीवाचून वेगळी वसुली करता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि भविष्यनिर्वाह निधी अशा काही गोष्टी दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळल्या आहेत. शहरातील राहती सदनिका मात्र सामान्यतः त्यात येत नाही.

घोषणा झाली म्हणजे कर्ज संपले, असे नव्हे. न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत कर्जमुक्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास घोषणाच रद्द होऊ शकते. मुक्ती मिळेपर्यंत नव्याने मिळवलेली मालमत्ताही रिसीव्हरच्या ताब्यात जाऊ शकते, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेणे हाही गुन्हा ठरतो. संसद किंवा विधिमंडळाचे सदस्यत्वही या काळात राहत नाही. मुक्ती देताना न्यायालय हिशेबाच्या वह्या नीट ठेवल्या होत्या का, परतफेड अशक्य हे माहीत असूनही धंदा चालू ठेवला का, सट्ट्यात पैसे घालवले का, हे पाहते. मालमत्तेतून विनातारण देण्याचे रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर ते स्वतःच्या दोषाविना घडले हे ऋणकोला पटवून द्यावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे न सुटणाऱ्या गोष्टी. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरील हक्क अबाधित राहतो. गहाण सदनिका नादारीने वाचत नाही. सरकारचे देणे सुटत नाही, म्हणून वस्तू व सेवा कराची थकबाकी कायम राहते. फसवणुकीने घेतलेले कर्ज सुटत नाही. पोटगी सुटत नाही. आणि ऋणकोला मुक्ती मिळाली तरी त्याचा भागीदार, सहकर्जदार व जामीनदार मुक्त होत नाहीत. एकाच खात्यात काम करणाऱ्या दोघा सहकाऱ्यांनी पतसंस्थेच्या कर्जाला परस्परांना जामीन राहण्याची पद्धत कारखान्यांत सर्रास आहे. तेथे एकाची नादारी म्हणजे दुसऱ्याच्या पगारातून कपात, असा सरळ हिशेब होतो.

पहिले काम : यादी

मित्राने द्यायची पहिली मदत म्हणजे एक रविवार. त्या दिवशी टेबलावर सारी पाकिटे, न उघडलेली रजिस्टर पत्रेसुद्धा, मांडावीत आणि एका वहीत सहा रकाने आखावेत : धनकोचे नाव, मुद्दल, व्याजाचा दर, तारण काय, जामीन कोण. शेवटच्या रकान्यात पुढची तारीख, म्हणजे नोटिशीची मुदत किंवा न्यायालयातील तारीख लिहावी. कर्जात बुडालेल्या माणसाला आपले एकूण देणे नेमके किती, हे बहुधा माहीत नसते. ते कमी सांगण्याचीही त्याला सवय लागलेली असते. म्हणून घरातील माणसांचे हातउसने, भिशीचे उरलेले हप्ते आणि सोने गहाण ठेवल्याच्या पावत्या या गोष्टी न विसरता विचाराव्यात.

दुसऱ्या पानावर येणे लिहावे. अंबरनाथच्या लहान कारखानदाराच्या बाबतीत हे पान अनेकदा दुर्लक्षित असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे बिल करारात ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत चुकते केले पाहिजे. करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. दाद सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन मागता येते, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. त्यासाठी माल पुरवण्याआधीपासूनची उद्यम नोंदणी, चलने आणि माल पोचल्याच्या सह्या जपून ठेवलेल्या असाव्यात. मोठे गिऱ्हाईक तुटेल या भीतीने अनेक जण ही पायरी चढत नाहीत. ज्याने पैसेच थकवले आहेत ते गिऱ्हाईक किती जपायचे, हा प्रश्न मित्राने विचारायचा असतो.

प्रत्येक धनकोची वाट वेगळी

बँकेच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्याआधीच्या तीन महिन्यांत बोलणी सुरू करणे अधिक फायद्याचे असते. लहान उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी २०१५ मध्ये केंद्र सरकारने आणि २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने चौकट आखून दिली. २५ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी बँकेने समिती नेमून पुनर्रचनेचा विचार करावा, अशी तीत तरतूद आहे. २०२४ मध्ये प्रो निट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. त्याच वेळी आपण लघु उद्योग आहोत याची कागदपत्रे वेळेत देण्याची जबाबदारी उद्योजकावर टाकली. जागे राहणे हे इथे ऋणकोचेच काम आहे.

तारणाच्या जप्तीची नोटीस आल्यास ६० दिवसांची मुदत असते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते, आणि बँकेने प्रत्यक्ष कब्जाचे पाऊल उचलल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. एमआयडीसीचा भूखंड हा मालकीचा नसून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा असतो. तो विकून कर्ज फेडण्याचा बेत असेल तर महामंडळाची संमती आणि हस्तांतर शुल्क यांचा वेळ व खर्च आधीच धरावा. जप्तीच्या लिलावापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधून, बँकेच्या संमतीने केलेली विक्री बहुधा अधिक किंमत आणते.

सावकाराची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. २०१४ मध्ये ठरविलेल्या दरांनुसार बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर परवानाधारक सावकार वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत व्याज घेऊ शकतो. ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला ६०. या दराने दोन लाखांवर महिन्याला १०,००० रुपये जातात आणि २० महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज भरूनही दोन लाख जागच्या जागी राहतात. सावकाराकडे कोरे धनादेश आणि सह्या केलेले कोरे मुद्रांक असतील तर ते यादीत लिहून सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाकडे तक्रार करण्याचा विचार वकिलाच्या सल्ल्याने करावा. धमक्या असतील तर पोलीस ठाण्यात जावे. बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींनाही रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या आदेशानुसार सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे. नातेवाईक व मित्रांना त्रास देणेही निषिद्ध आहे.

करू नये ते

घाबरलेला माणूस काही चुका हमखास करतो. सदनिका पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर करणे, ही पहिली. नादारीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेले असे हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते आणि ऋणकोच्या प्रामाणिकपणाविषयी संशय निर्माण होतो तो वेगळाच. सर्वांना बाजूला ठेवून एकाच जवळच्या धनकोचे पैसे फेडणे, ही दुसरी. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील अशी पसंतीची फेडही उलटवता येते. त्यामुळे ‘निदान माझे तरी आधी दे’ असे म्हणणारा मित्र स्वतःचाही फायदा करीत नाही. गाव सोडून जाणे, ही तिसरी. धनकोंना चुकवण्यासाठी घर सोडणे किंवा ‘आता कोणाचेच देणार नाही’ असे धनकोंना कळवणे ही कायद्यातच नादारीची कृत्ये मानली आहेत. त्यांच्या आधारे तीन महिन्यांच्या आत धनकोच अर्ज करू शकतो.

मित्रासाठी सर्वांत मोठा निषेध जामिनकीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला सामान्यतः नसतो. जुने कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या नव्या कर्जावर सही करणे म्हणजे एका घराचे संकट दोन घरांत नेणे होय. पैसे द्यायचेच असतील तर परत न आले तरी चालतील एवढेच द्यावेत, आणि ते धनकोच्या हाती न पडता किराणा, औषध, मुलांची फी अशा ठिकाणी थेट जावेत. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

माणूस आधी, हिशेब नंतर

कर्जबाजारी माणूस फोन उचलत नाही, लग्नकार्याला जात नाही, कारखान्यात उशिरापर्यंत एकटा बसतो. घरी काहीच माहीत नसते. अशा वेळी पत्नीला किंवा वडीलधाऱ्यांना सांगण्यासाठी त्याच्यासोबत जाणे, ही मित्राची मोठी मदत असते. ‘माझ्या विम्याचे पैसे आले तर सारे फिटेल’ अशा आशयाचे बोलणे थट्टेवारी नेऊ नये. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्याला त्या रात्री एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून सल्लाच घ्यायचा नाही, असे होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. लोकअदालतीत बँकेशी किंवा पतसंस्थेशी तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. म्हणून हप्ता झेपेल एवढाच कबूल करावा. एकरकमी तडजोडीत सूट मिळते, पण पतनोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढील कर्ज अवघड होते, हेही आधी सांगावे.

हे सारे करूनही येणे आणि देणे यांत मोठी दरी उरली, तारण आधीच गेले, जामीनदार नाहीत किंवा त्यांच्याशी स्पष्ट बोलणे झाले आहे, आणि उरलेले देणे प्रामुख्याने विनातारण आहे, तर नादारीचा अर्ज हा योग्य आणि सन्मान्य मार्ग ठरतो. कायद्याने तो प्रामाणिक पण दुर्दैवी माणसासाठीच ठेवला आहे. तेव्हा त्या रविवारी लिहिलेली वहीच अर्जाचा पाया होते. आणि ती खरी असेल तर न्यायालयात ऋणकोची सर्वांत भक्कम बाजूही तीच असते. मित्राने आपली सही राखून ठेवावी, वेळ मात्र सढळ हाताने द्यावा. न्यायालयाच्या तारखेला ठाण्याच्या लोकलमध्ये शेजारी बसायला कोणी असेल, तर कारखाना गेल्यावरही माणूस पुन्हा कामाला लागू शकतो.